संदर्भाचे व्याकरण

शास्त्रीय प्रबंधाचे शेवटचे पान बहुधा सर्वांत घाईने लिहिलेले असते. प्रयोग झालेले असतात, आकडे कोष्टकांत बसलेले असतात, निष्कर्षही हाती आलेला असतो. मग प्रबंध बांधणीला देण्याच्या आदल्या रात्री कोणाच्या तरी जुन्या प्रबंधातून संदर्भांची यादी उतरवून घेतली जाते. परीक्षक ती यादी पाहतो, एका ठिकाणी स्वल्पविराम नाही आणि दुसऱ्या ठिकाणी नियतकालिकाचे नाव तिरप्या टाइपात नाही, असे दोन शेरे मारतो आणि पान उलटतो. यादीतील निबंध विद्यार्थ्याने वाचले आहेत काय, आणि वाचले असल्यास त्यांच्याविषयी त्याने लिहिलेले इंग्रजी वाक्य मूळ निबंधात जे म्हटले आहे तेच सांगते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

संदर्भलेखन हा टंकलेखनाचा एक भाग आणि इंग्रजी व्याकरण हा शाळेत आटोपलेला विषय, अशी समजूत आपल्याकडील शिक्षणसंस्थांत खोलवर रुजलेली आहे. पहिल्याची जबाबदारी टंकलेखकावर किंवा संगणकावर टाकली जाते. दुसऱ्याची कोणावरच नसते. हे दोन विषय वेगळे ठेवण्यातच चूक आहे. दुसऱ्याच्या संशोधनाचा निर्देश करणारे वाक्य लिहिताना व्याकरण आणि संदर्भ यांची गाठ पडते, आणि त्या गाठीवर विधानाची जबाबदारी कोणाची हे ठरते.

प्रथम निर्देशाचे स्वरूप पाहावे. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ साली ‘नेचर’ या नियतकालिकाच्या १२१ व्या खंडात, ५०१ व्या पृष्ठावर, ‘अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन’ या शीर्षकाचे एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. एवढ्या मजकुरात निर्देशास लागणारे सारे घटक आले आहेत. कोणी लिहिले, काय लिहिले, कोठे छापले, केव्हा छापले. म्हणजे कर्ता, कर्म, स्थळ आणि काळ. संदर्भसूचीतील प्रत्येक ओळ हे क्रियापद गाळलेले एक वाक्यच असते, आणि गाळलेल्या शब्दांचे काम विरामचिन्हे करतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या पद्धतीत १९२८ नंतर अर्धविराम येतो, मग १२१, मग अपूर्णविराम आणि मग ५०१. त्या अर्धविरामाचा अर्थ ‘या वर्षीच्या अमुक खंडात’ आणि अपूर्णविरामाचा अर्थ ‘त्या खंडाच्या अमुक पृष्ठावर’. ही चिन्हे उलटसुलट झाली, तर वाचक ग्रंथालयात जाऊन ५०१ वा खंड मागेल. संदर्भातील विरामचिन्हांचे महत्त्व इतके आहे. याहून अधिक नाही आणि कमीही नाही.

या ओळीची मांडणी कशी करावी याविषयी जगात अनेक पंथ आहेत. लेखकाचे नाव व वर्ष कंसात घालण्याच्या पद्धतीचा उगम सामान्यतः हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या एका निबंधात मानला जातो; तो निबंध शंख नसलेल्या एका गोगलगाईच्या अंड्यांच्या विकासाविषयी होता. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमपुस्तिका प्रथम १९०६ साली निघाली. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आले आणि त्यांनी अनुक्रमांकांची पद्धत सर्वांसाठी सारखी केली. भारतातही हा विचार उशिरा झाला असे नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांच्या प्रभावाच्या काळात, १९६३ साली, भारतीय मानक संस्थेने ग्रंथनिर्देशांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. निर्देशाचे घटक आवश्यक आणि पूरक असे वेगळे करणे, हे त्या मानकातील शहाणपण आजही उपयोगी पडावे. आवश्यक घटक चुकला तर वस्तू सापडत नाही. पूरक घटक चुकला तर फार तर शोभा जाते. परीक्षकांच्या शेऱ्यांचा रोख मात्र बहुधा शोभेकडे असतो.

पाश्चात्त्य पद्धती भारतीय नावांपुढे अडखळतात, हे जाता जाता नोंदविले पाहिजे. ‘रामन’ हे आडनाव नव्हे. तो त्यांच्या स्वतःच्या नावाचाच भाग, आणि ‘चंद्रशेखर’ हे वडिलांचे नाव. तरीही सूचीत रामन आधी आणि आद्याक्षरे मागून, ही व्यवस्था रूढ झाली व चालली. मराठी नावांची अडचण निराळी आहे. आडनाव आणि दोन आद्याक्षरे एवढेच छापले, तर एकाच विषयातले अनेक पाटील आणि अनेक जोशी एकमेकांत मिसळून जातात. येथे नियमाला चिकटून राहण्यापेक्षा संपूर्ण नाव देणे शहाणपणाचे ठरते.

आता व्याकरणाकडे वळावे. मराठी भाषकाला इंग्रजीत पहिली ठेच लागते ती उपपदांची, कारण मराठीत उपपदे नाहीत. शाळेत ‘अ’ म्हणजे एक आणि ‘द’ म्हणजे तो, असे सांगून हा विषय संपविला जातो. परंतु रामन व कृष्णन यांच्या शीर्षकाकडे पुन्हा पाहावे. त्यांनी ‘अ न्यू टाइप’ असे लिहिले; ‘द’ लिहिले नाही. जी गोष्ट वाचकास अद्याप ठाऊक नाही, तिची पहिली ओळख करून देताना ‘अ’ येते. पुढे जगाला तिची ओळख पटली आणि ती ‘द रामन इफेक्ट’ झाली. एका नम्र उपपदापासून दुसऱ्या निश्चित उपपदापर्यंतचा हा प्रवास म्हणजे एका शोधाच्या स्वीकाराचा इतिहास होय. जो विद्यार्थी आपल्या पहिल्याच प्रयोगातील निरीक्षणाला ‘द’ लावतो, तो नकळत असे सांगत असतो की हे सर्वमान्य आहे. आणि तसे ते नसते.

दुसरी ठेच परोक्तीची, आणि ती अधिक गंभीर आहे. मराठीत ‘तो म्हणाला की मी येतो’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘मी’ म्हणजे तोच, हे ‘की’ने सांभाळले जाते. इंग्रजीत ही सोय नाही. तेथे बोलणारा बदलला की सर्वनाम बदलते आणि काळही मागे सरकतो. मराठी वळणाने इंग्रजी लिहिणारा विद्यार्थी ‘रामन रिपोर्टेड दॅट वी हॅव फाउंड’ असे लिहून जातो, आणि त्या वाक्यातील ‘वी’ व्याकरणदृष्ट्या विद्यार्थ्याकडेच वळते. नोबेल पारितोषिकाचा असा सहज वाटा मागण्याचा त्याचा हेतू नसतो. पण वाक्य हेतू पाहत नाही.

मराठीजवळ आणखी एक शब्द आहे, ज्याची किंमत परक्या भाषेत लिहू लागेपर्यंत कळत नाही. तो म्हणजे ‘म्हणे’. ‘पालकात लोह फार असते’ आणि ‘पालकात लोह फार असते म्हणे’ या दोन वाक्यांत भेद केवढा आहे हे कोणत्याही मराठी घरातील लहान मुलाला कळते. दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने आपली जबाबदारी काढून घेतली आहे. हे आपण पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, असे तो सांगतो. इंग्रजीत हे काम एका शब्दाने होत नाही. ते क्रियापदाच्या निवडीने करावे लागते. ‘सजेस्ट’ म्हणजे सुचविणे, ‘रिपोर्ट’ म्हणजे कळविणे, ‘शो’ म्हणजे दाखवून देणे, ‘क्लेम’ म्हणजे दावा करणे, आणि ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणे, जे प्रयोगशास्त्रात फार क्वचित घडते. विद्यार्थी ही क्रियापदे समानार्थी समजून पुनरुक्ती टाळण्यासाठी आलटून पालटून वापरतो. शाळेतील निबंधात हा गुण समजला जातो; शास्त्रीय लेखनात हा दोष आहे. मूळ लेखकाने नुसते सुचविलेले असताना त्याने सिद्ध केले असे लिहिणे, म्हणजे त्याच्या नावावर खोटी हुंडी काढणे होय.

काळाचीही गोष्ट तशीच. ‘आढळले’, ‘आढळले आहे’ आणि ‘आढळते’ या तिहींत मराठी माणूस घोटाळा करीत नाही. पहिले एका वेळी घडलेल्या निरीक्षणाविषयी, दुसरे आजच्या चर्चेत अजून जिवंत असलेल्या निरीक्षणाविषयी, तिसरे नेहमीच्या नियमाविषयी. इंग्रजीतील ‘फाउंड’, ‘हॅव फाउंड’ आणि वर्तमानकाळ यांची विभागणी पुष्कळशी अशीच आहे. म्हणजे विद्यार्थ्याला हा विवेक नव्याने शिकवावयाचा नाही. तो मातृभाषेत त्याच्यापाशी आहेच, एवढे त्याच्या लक्षात आणून द्यावयाचे आहे. इंग्रजी व्याकरणाचे वर्ग इंग्रजीतूनच घेण्याच्या अट्टाहासामुळे नेमके हेच होत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय होती. त्या पद्धतीला पुढे जुनाट ठरविण्यात आले, हे फारसे हिताचे झाले नाही.

हे सारे बारकावे पंडितांसाठी आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी एका लहानशा पत्राची कथा पाहावी.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन नियतकालिकाच्या १० जानेवारी १९८० च्या अंकात, बॉस्टन येथील जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे संपादकास लिहिलेले पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांतील ११,८८२ जणांना अफूवर्गीय औषध निदान एकदा दिले गेले होते. पूर्वी व्यसन नसलेल्या रुग्णांपैकी अवघ्या चौघांत व्यसन जडल्याची खात्रीलायक नोंद सापडली. यावरून रुग्णालयांत ही औषधे सर्रास वापरली जात असूनही, व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या रुग्णांत व्यसन क्वचित जडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. औषध किती दिवस दिले, किती मात्रेत दिले, घरी गेल्यावर त्या रुग्णांचे काय झाले, यांविषयी पत्रात काही नव्हते. तसा त्यांचा दावाही नव्हता.

पत्राचे शीर्षक होते ‘ॲडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स’. इंग्रजी शीर्षकांच्या रीतीप्रमाणे त्यात क्रियापद गाळलेले आहे. क्रियापद नाही म्हणून काळ नाही. आणि ‘रुग्णालयात’ हा शब्दही नाही. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक वाचकाने आपापले क्रियापद भरले. ‘वॉज’ भरले असते तर विधान त्या ११,८८२ जणांपुरते राहिले असते. भरले गेले ते ‘इज’, आणि तेही विशेषणे वगळून.

कॅनडातील संशोधकांनी या पत्राच्या निर्देशांचा हिशेब काढून तो २०१७ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांना पत्राचा आधार घेणारे ६०८ निर्देश सापडले. ४३९ लेखकांनी, म्हणजे शेकडा ७२ जणांनी, औषधोपचारातून व्यसन क्वचितच जडते याला पुरावा म्हणून ते पत्र पुढे केले होते. आणि ४९१ लेखकांनी, म्हणजे शेकडा ८० हून अधिकांनी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते ही गोष्ट सांगितलीच नव्हती. ऑक्सिकोंटिन हे वेदनाशामक १९९५ नंतर बाजारात आले, तेव्हापासून या निर्देशांत विशेष वाढ झालेली दिसली. अफूवर्गीय औषधांमुळे अमेरिकेत पुढे जो अनर्थ झाला त्याला कारणे अनेक आहेत. औषधकंपन्यांची जाहिरातबाजी त्यांत मोठी आहे आणि सारा दोष पाच वाक्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु २०१७ या एका वर्षी तेथे अशा द्रव्यांच्या अतिमात्रेने ४७,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि ही औषधे निर्धास्तपणे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना धीर देण्यात या निर्देशांचा वाटा होता, हे त्या संशोधकांचे मत डावलता येत नाही.

या ६०८ निर्देशांत वर्ष, खंड आणि पृष्ठ बहुधा बिनचूकच असेल. परीक्षकाने लाल शाई वापरावी असे तेथे काही नव्हते. चूक होती ती मजकुरातील वाक्यात. इंग्रजी वाक्यरचनेत नामाला मर्यादा घालणारे शब्दसमूह बहुधा नामाच्या मागून येतात. ‘रुग्णांत’ आधी, आणि ‘ज्यांना पूर्वी व्यसन नव्हते, जे रुग्णालयात होते’ हे नंतर. घाईने सारांश करणारा लेखक शेपटी कापतो, आणि इंग्रजीत मर्यादा शेपटीतच असतात. मराठीत ‘व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांत’ असे म्हणावे लागते. मर्यादा ओलांडल्यावाचून नामापर्यंत पोहोचताच येत नाही. इंग्रजी उतारा एकदा मराठी वाक्यात उतरवून पाहिला, तर काय गळले ते चटकन दिसते. मराठी विद्यार्थ्याची ही अडचण नव्हे, सोय आहे.

न वाचता निर्देश करण्याची खोड किती पसरलेली आहे, याचा एक गमतीदार पुरावा २००३ साली पुढे आला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी एका नामांकित निबंधाचे सुमारे ४,३०० निर्देश तपासले. १९६ निर्देशांत छपाईच्या चुका होत्या. पण निरनिराळ्या चुका अवघ्या ४५. पृष्ठक्रमांकाची एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी आली होती. सत्तर-अठ्ठ्याहत्तर माणसांचे बोट स्वतंत्रपणे त्याच चुकीच्या कळीवर पडणे संभवनीय नाही. त्यांनी एकमेकांच्या याद्या उतरविल्या हे उघड आहे. निर्देश करणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे २० जणच मूळ निबंध वाचतात, असा अंदाज त्या दोघांनी बांधला. अंदाजाची रीत वादाची असू शकेल, ७८ चा आकडा मात्र बोलका आहे.

पालकाच्या लोहाचे वर निघाले होते, तेही याच माळेतले. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातील लोह दसपट ठरले, ही कथा १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका लेखाने लोकप्रिय केली. निष्काळजी शास्त्रज्ञांना धडा म्हणून ती वर्षानुवर्षे सांगितली गेली. त्या लेखात तिला आधार दिलेला नव्हता, आणि पुढे शोध घेणाऱ्यांना तो सापडलाही नाही. २०१४ साली नॉर्वेचे ओले ब्योर्न रेकदाल यांनी या प्रकरणाचा सविस्तर समाचार घेतला. निष्काळजीपणाची निंदा करणारी गोष्टच निष्काळजीपणे पसरली होती. तिच्या शेवटी एक ‘म्हणे’ असता तर बरे झाले असते.

स्वल्पविरामांची चिंता आता यंत्राने आपल्याकडे घेतली आहे. झोटेरोसारखी साधने २००६ पासून कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत. एकदा माहिती भरली की हवी ती पद्धत क्षणात लागू होते. जुन्या काळी नीटनेटकी सूची म्हणजे लेखकाने खंड हातात घेतल्याचे लक्षण समजत. आता सूचीचा नीटनेटकेपणा कशाचेच लक्षण उरलेला नाही. किंबहुना संभाषण करणारी यंत्रे अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे नाव, खंड आणि पृष्ठ निर्दोष विरामचिन्हांसह सादर करतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले बनावट निवाडे आधार म्हणून दाखल केले, आणि न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. त्या निवाड्यांची नावे, खंड आणि पृष्ठे खऱ्यासारखीच दिसत होती.

यावर असा आक्षेप घेण्यात येतो की, खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यावर इंग्रजी व्याकरणाचे आणखी ओझे टाकणे अन्यायाचे आहे. त्याचे विज्ञान बरोबर असले म्हणजे पुरे. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो चुकीच्या जागी घेतला जातो. इंग्रजीतील चुका दोन जातींच्या असतात. काही कानाला खटकतात. काही अर्थ फिरवितात. शब्दयोगी अव्यय किंवा एखादे अनेकवचन चुकले तर इंग्रज वाचक हसेल आणि पुढे जाईल. ‘एट आल.’ म्हणजे ‘आणि इतर’, म्हणून त्यापुढे अनेकवचनी क्रियापद हवे, हा नियमही याच वर्गातला. तो पाळावा, पण न पाळल्याने कोणाचे नुकसान होत नाही. या पहिल्या जातीच्या चुकांसाठी गुण कापणे बंद केले तरी चालेल. ‘मे’च्या जागी ‘मस्ट’, ‘सजेस्टेड’च्या जागी ‘प्रूव्ह्ड’, ‘वॉज’च्या जागी ‘इज’, आणि कापलेली मर्यादा, एवढ्या चार-पाच जागा मात्र सोडता येत नाहीत. त्या शिकविण्यास वर्ष लागत नाही. दोन आठवडे पुरतात, आणि ते शिक्षण मराठीतून अधिक चांगले होते.

त्यासाठी निराळे पाठ्यपुस्तकही नको. पोर्टर आणि जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र वर्गात वाटावे. प्रत्येकाने त्याचा आशय प्रथम एका मराठी वाक्यात लिहावा, मग तोच एका इंग्रजी वाक्यात, वर्ष-खंड-पृष्ठांच्या निर्देशासह. नंतर वह्या अदलाबदल करून शेजाऱ्याच्या वाक्यात रुग्णालय राहिले काय, पूर्वेतिहास राहिला काय, आणि क्रियापद कोणत्या काळात आहे, एवढे तपासावे. शेवटी पत्राचे मूळ पान संगणकावर काढून दाखवावे. २०१७ पासून त्यावर संपादकांची एक सूचना जोडलेली आहे: हे पत्र व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून वारंवार आणि चिकित्सा न करता उद्धृत केले गेले आहे, याची सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने वाचकांनी जाणीव ठेवावी, अशा आशयाची. पत्रातील पाचही वाक्ये जशीच्या तशी आहेत. त्यांत दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.